मी केलेले विमान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मंडळाच्या कार्यक्रमात आजवर माझे काम म्हणजे चहाचे कप मोजून देणे आणि मोजून परत घेणे. परंतु गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी आमच्या घरी आलेल्या काही भगिनींनी तिळगुळाच्या डब्याशेजारी वर्तमानपत्रावर उलटे वाळत ठेवलेले एक विमान पाहिले, आणि ते मुलाचे नसून माझे आहे हे कळल्यावर बराच हशा झाला. "कोंबडीखाद्याच्या दुकानदारीणबाई आता लढाऊ विमानं करायला लागल्या," असे एकीने म्हटले. ती इथेच बसली आहे. नाव सांगत नाही. त्या थट्टेतूनच अध्यक्षाताईंनी मला आज उभे केले आहे. विमान सोबत आणले आहे, टेबलावर आहे. भाषण संपल्यावर पाहा.

आधी हे सांगते की विमान माझ्या घरात नवे नाही. माझे माहेर ओझरचे. नाशिककडे जाताना पिंपळगाव मागे पडले की ओझर लागते. तिथे १९६४ साली हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा विमानांचा कारखाना निघाला, तो रशियन मिग-२१ विमाने आपल्या देशात बांधण्यासाठी. म्हणून आजही लोक त्या भागाला 'ओझर मिग' म्हणतात. 'मिग' हे दोन माणसांच्या नावांवरून पडले आहे, मिकोयान आणि गुरेविच. हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. लहानपणी मला वाटे, मिग म्हणजे आमच्या टाऊनशिपचे नाव.

माझे वडील त्या कारखान्यात १९७२ साली लागले. सगळे विमान एकाच ठिकाणी होत नसे. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला, आतली विजेची यंत्रे हैदराबादला, अशी वाटणी होती. बाबा सांगाड्याच्या खात्यात फिटर होते. पण ते नक्की काय करतात हे आम्हां भावंडांना कधी कळले नाही. विचारले तर "सरकारी काम आहे" एवढेच उत्तर. भोंगा झाला की सायकलवरून जायचे आणि भोंगा झाला की यायचे. आकाशात चाचणीचे विमान गेले की आमच्या घराच्या काचा थरथरत, आणि बाबा घरी असले तर हातातले काम थांबवून आवाज संपेपर्यंत ऐकत. वर कधी पाहत नसत. नुसते ऐकत.

आईला दम्याचा विकार होता. मी सातवी झाले आणि घरची चूल माझ्याकडे आली. पुढे लग्न होऊन नवापूरला आले. असो, तो आजचा विषय नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरची २६ तारीख, नवरात्र चालू होते. चंदीगडला मिग-२१ ला निरोप देण्याचा समारंभ झाला, तो आमच्या घरी टीव्हीवर पाहिला. १९६३ साली हे विमान आपल्या हवाई दलात आले ते चंदीगडलाच, आणि बासष्ट वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. माझा धाकटा मुलगा नववीत आहे. त्याने आजोबांना फोन लावला. आजोबा म्हणाले, "पाहिलं," आणि फोन ठेवला. मुलगा जरा खट्टू झाला. मग त्याने खाऊचे साठवलेले पैसे काढले आणि मोबाईलवरून मिग-२१ चा एक प्लॅस्टिकचा संच मागवला. आजोबांना विमान करून द्यायचे असे त्याच्या मनात.

खोका आला. आत काय असते ते तुम्हांला सांगते, कारण मलाही वाटले होते की विमानच येईल. विमान येत नाही. राखी रंगाच्या प्लॅस्टिकच्या चारपाच चौकटी येतात आणि त्या चौकटींना विमानाचे तुकडे लटकलेले असतात, वेलीला कारल्याची फुले असावीत तसे. नव्वदाहून जास्त तुकडे मी मोजले. काही तुकडे मोहरीएवढे. सोबत सूचनांची पुस्तिका. ती परदेशी, पण अक्षरे जवळजवळ नाहीत, सगळी चित्रे आणि आकडे. सातवीवालीची सोयच झाली.

असे संच विलायतेत पाऊणशे वर्षांपासून निघतात. त्यांतली एक प्रसिद्ध कंपनी, एअरफिक्स, हिने १९३९ साली सुरुवात केली ती हवा भरलेल्या खेळण्यांनी. पुढे ती प्लॅस्टिकचे कंगवे करू लागली, आणि त्याच तऱ्हेच्या साच्यांतून १९५३ साली तिचे पहिले विमान निघाले. मला हे ऐकून फार बरे वाटले. कंगवा आणि लढाऊ विमान एकाच घरचे.

माप ७२ व्या हिश्शाचे असते. हा ७२ आकडा कुठून आला म्हणाल, तर सहा फूट म्हणजे ७२ इंच. सहा फूट उंचीचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. खरे मिग पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ७ मीटर १५ सेंटीमीटर. ते इथे १० सेंटीमीटरला किंचित कमी भरते. माझ्या वितीत पंख मावून वर जागा उरते. एवढेसे विमान!

मुलाने दोन दिवस उत्साहाने केले. तिसऱ्या दिवशी वैमानिकाच्या खुर्चीचा एक तुकडा चिमट्यातून उडाला आणि सापडला नाही. चाचणी परीक्षा जवळ आली. खोका कपाटावर गेला. दिवाळीची झाडझूड करताना मी तो खाली काढला. पुसून परत ठेवणार होते. झाकण उघडले, एवढीच चूक.

मला भरतकाम येते, रांगोळीचा हात बरा आहे, हे तुम्ही जाणता. मला वाटले, यात काय कठीण? पण विमानाने मला चांगले वळण लावले. पहिली गोष्ट, तुकडा चौकटीतून ओढून तोडायचा नाही. नेलकटरने जरा लांबून कापायचा आणि उरलेले बोंड पॉलिश पेपरने घासायचे. दुसरी गोष्ट गोंदाची. प्लॅस्टिकचा खास पातळ द्राव मिळतो, तो खरे म्हणजे चिकटवत नाही. दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. तो येईपर्यंत मला धीर धरवेना, म्हणून घरातला झटपट चिकटणारा गोंद मी वैमानिकाच्या काचेला लावला. सकाळी पाहते तो काच आतून पांढरी धुकट झालेली! त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते. रडकुंडीला आले. मुलाने कुठूनसे शोधून सांगितले की टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासायची. तासभर घासली. अजूनही नीट पाहिलेत तर एका कोपऱ्यात धुके आहे.

तिसरी गोष्ट वजनाची. हे विमान तीन चाकांवर उभे राहते आणि त्याचे मागचे अंग जड होते. नाकात वजन घातले नाही तर ते शेपटीवर बसते, म्हातारी म्हैस बसावी तसे. आणि नाक एकदा बंद केले की पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे आधीच विचार करायला हवा. मी उकाईच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या एका बाईकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या मण्या आणल्या आणि नाकात ठासल्या. खऱ्या विमानात नाकाच्या त्या टोकदार शंकूत रडार असते. आमच्या विमानात नवापूर तालुक्याचे शिसे आहे.

सासूबाई रोज येऊन पाहत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "हाई काय शे?" मी म्हटले, विमान. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारले, "आजून व्हयनं नहीं का?" आमच्या यजमानांनी मात्र एक शब्द काढला नाही. दुकानातून येताना त्यांनी एकदा न मागता बारीक पॉलिश पेपर आणला, तेवढ्यावरून मी ओळखले.

रात्री जेवणे आटोपली की मी दिव्याखाली बसे, आणि मुलगा अभ्यास करता करता मिगची माहिती मोठ्याने वाचून दाखवी. त्यातले पुष्कळ अभिमानाचे होते. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटे सोडली ती याच जातीच्या विमानांनी. सहाशेहून अधिक मिग-२१ आपल्याकडे बांधली गेली. १९८७ पर्यंत हे काम चालले, आणि नंतर सव्वाशे विमाने नव्या यंत्रांनी सुधारून देण्यात आली. बाबांची नोकरी या सगळ्यात गेली.

पण मुलगा एके रात्री वाचता वाचता थांबला. मी म्हटले, वाच. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते, की १९७१-७२ पासून तोपर्यंत ४८२ मिग विमानांना अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक गेले, शिवाय जमिनीवरची ३९ साधी माणसे. हा आकडा सगळ्या जातींच्या मिगचा आहे. कारणेही पुष्कळ सांगतात. विमान अतिशय वेगाने उतरते, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. त्याचे पंख लहान आणि पातळ. आणि नवीन मुलांना हळू विमानांवरून एकदम यावर बसवावे लागे, कारण मधल्या पायरीचे शिकवण्याचे चांगले जेट विमान आपल्याकडे २००८ साली आले. अनेक वर्षे त्याची मागणी होत होती म्हणे.

आपल्या पुण्याच्या फ्लाईट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ याची हकिकत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात त्याचे मिग-२१ कोसळले. त्याची आई कविता गाडगीळ गप्प बसली नाही. दोष मुलाचा होता हे तिला पटेना. तिने जाहीरपणे प्रश्न विचारले, आणि पुढे दोघां आईवडिलांनी हवाई सुरक्षेसाठी मुलाच्या नावाने संस्था काढली. मुलाने हे वाचले तेव्हा माझ्या हातात विमानाचा डावा पंख होता. मी तो खाली ठेवला. त्या रात्री काम केले नाही.

मला एक जुनी गोष्ट आठवत होती. आम्ही लहान असताना पेपरात मिग पडल्याची बातमी आली की बाबा त्या दिवशी अर्धे ताट टाकून उठत. आई काही बोलत नसे. एकदा माझ्या भावाने जेवताना विचारले, "बाबा, तुमचंच विमान का हो?" बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली. बाबांनी आमच्यावर हात उगारलेला तो एकच प्रसंग. तेव्हा वाटले होते, भाऊ उलट बोलला म्हणून मारले.

भगिनींनो, २००६ चा फेब्रुवारी आठवा. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापुरात. आपल्या गावाचे नाव रोज टीव्हीवर, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि बाहेरगावी कुणी "कुठल्या तुम्ही?" विचारले तर आपण नंदुरबार सांगत होतो. आमच्या दुकानातले खाद्य खाऊन वाढलेल्या कोंबड्या होत्या त्या. आमच्या खाद्यात काही दोष नव्हता, हे ठाऊक असूनही माझे यजमान महिनाभर धड जेवले नाहीत. तेव्हाही मला बाबांचे ताट आठवले नाही. ते आठवायला हा पंख हातात यावा लागला.

चार दिवसांनी पुन्हा बसले. दोन्ही कुशी जोडल्या, पंख जोडले. जोडताना पाठीवर आणि पोटावर सांधे दिसतात, ते लांबी भरून, घासून नाहीसे करावे लागतात. हे काम मला फार आवडले. भिंतीला रंगारी करतात तसेच, फक्त बोटाच्या नखाएवढे. सगळे सांधे मी असे बुजवले की हात फिरवला तर लागू नयेत. पंखांच्या मागे, अंगाभोवती बांगडीसारखी एक गोल रेघ होती. मुलगा म्हणाला, "आई, ती चित्रात पण आहे गं." मी म्हटले, चित्रात असेल, मी सांधा उघडा ठेवणार नाही. तीही बुजवली. मग राखी रंग दिला, तीन पातळ हात. नवापूरची धूळ बसू नये म्हणून पातेले पालथे घालून वाळवला. मग तिरंगी चक्रे. ती पाण्यात भिजवली की कागदावरून घसरतात आणि कुंकवाची टिकली लावावी तशी जागेवर सरकवायची. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

यंदाच्या आखाजीला माहेरी गेले. विमान चपलांच्या खोक्यात, चहूबाजूंनी कापूस. धुळ्याला गाडी बदलली, ओझरपर्यंत खोका मांडीवरून खाली ठेवला नाही.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचे हात कापतात. मी खोका उघडून विमान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा बदलला. बराच वेळ नुसते पाहिले. मग उचलले, तोलून पाहिले आणि विचारले, "नाकात काय घातलंस?" मी सांगितले, जाळ्याचे शिसे. ते हसले. मला वाटले, झाले, आवडले.

मग त्यांनी विमान उलटे केले, पंखांच्या मागे अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथली रेघ कुठं गेली?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितले, बुजवली. तीन वेळा लांबी भरली.

"ती बुजवायची नसते, बाई," बाबा म्हणाले. "इथून शेपूट वेगळी होते. इंजिन काढायचं तर सगळा मागचा भाग इथून सोडवतात आणि मागे ओढतात. मग परत जुळवायचा. केसभर इकडेतिकडे चालत नाही. हेच माझं काम होतं."

पंचेचाळीस वर्षांत मला त्या दिवशी कळले की माझे वडील काय करत असत. आणि तेवढेच नेमके मी घासून सपाट केले होते.

मी धीर केला आणि विचारले, "बाबा, बातमी आली की तुम्ही जेवत नव्हता."

ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेपरात विमानाचा नंबर येत नसे. नंबर आला असता तर मला कळलं असतं की यावर आपला हात लागलाय की नाही. येत नसे. मग प्रत्येकच आपलं वाटायचं." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या सांध्यातून गेलं असं कधी कुणी म्हटलं नाही. पण कुणी 'नाही' असंही येऊन सांगत नाही ना."

माझा भाऊ दारात उभा होता. त्याने हे ऐकले की नाही, मी विचारले नाही. तो आत गेला आणि आमच्या तिघांचा चहा घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी टेबल खिडकीशी ओढायला लावले. स्वतःच्या हाताने होणार नाही हे त्यांना ठाऊक होते. वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली सुई त्यांनी पेन्सिलीच्या मागे खोचली, चिकटपट्टीची बारीक पट्टी कापून अंगाभोवती गुंडाळायला सांगितली, आणि तिच्या काठाने मला रेघ ओढायला लावली. "दाबू नकोस. एकदा दाबून ओढण्यापेक्षा दहादा हलकी ओढ." मी ओढत होते आणि ते कान देऊन ऐकत होते. सुईचा आवाज बदलला की म्हणत, "थांब, पट्टीवरून घसरलीस." लहानपणी ते आकाशातला आवाज असेच ऐकत. दोन तास लागले. पोटाखाली एका ठिकाणी माझा हात हललाच आणि रेघ वाकडी झाली. मी म्हटले, पुन्हा लांबी भरून करू का? बाबा म्हणाले, "राहू दे. हे उडायचं नाहीये."

विमान मी त्यांच्यासाठीच नेले होते. पण निघताना त्यांनी ते परत कापसात ठेवले आणि म्हणाले, नातवाला दे, पैसे त्याचे गेलेत. नातू म्हणतो, आईचे आहे. तूर्त ते आमच्या दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर आहे.

आता टेबलापाशी या आणि पाहा. पंखांच्या मागची रेघ बोटाने लागते. मात्र पुढे नाकावर जी बारीक नळी आहे तिला कृपा करून हात लावू नका; ती दोनदा मोडली आहे, आणि आत्ता आहे ती अगरबत्तीच्या काडीची आहे.